नऊशे नव्याण्णव भुतं आणि एक खराटा

माणसानं आयुष्यात एकदा तरी पैसे देऊन घाबरून घ्यावं, असं आमच्या चिरंजिवांचं मत आहे. मी आजवर फुकटच घाबरत आलो. लहानपणी गणिताच्या गुरुजींना घाबरलो. तरुणपणी तारवाल्याला घाबरलो. तारवाला दारात दिसला की घरात आधी रडारड व्हायची आणि मग तार वाचली जायची. नोकरीत ऑडिटला घाबरलो आणि आता निवृत्तीनंतर डॉक्टर रिपोर्ट वाचता वाचता जे "हं..." म्हणतात, त्या "हं"ला घाबरतो. घाबरण्याची इतकी फुकट सोय असताना तिकीट काढून, रांगेत उभं राहून घाबरायला जायचं, म्हणजे घरी विहीर असताना टँकर बोलावण्यासारखं झालं. पण चिरंजीव कॅलिफोर्नियात असतात आणि तिथं फुकट काही मिळत नाही.

तर आम्हा उभयतांना डिस्नेलँड दाखवण्यात आलं. "आम्ही पाहिलं" असं मी म्हणत नाही. परदेशी मुलाकडे गेलेले आईबाप स्वतः काही पाहत नसतात, त्यांना दाखवण्यात येतं. सकाळपासून दाखवणं चालू होतं. दुपारी सौ.चे गुडघे आणि माझं कौतुक एकदमच संपलं, तेव्हा दहा वर्षांच्या नातवानं माझं बोट धरलं आणि म्हणाला, "आजोबा, आता भूतबंगला."

बंगला बाहेरून पाहिला आणि मी चाटच पडलो. पांढराशुभ्र, खांबांखांबांचा, बाग राखलेली. अमरावतीच्या कॅम्पात असा बंगला असता तर कलेक्टरसाहेबच राहायला आले असते. आमच्याकडे भुताचा वाडा म्हणजे भिंतीला पिंपळ, छपराला भोक आणि दाराला कडी नाही, अशी निदान अर्हता लागते. नातवानं खुलासा केला. हा नातू म्हणजे त्या बंगल्याचा चालताबोलता सातबारा. १९५७ साली केन अँडरसन नावाच्या चित्रकारानं पडक्या घराचंच चित्र काढलं होतं म्हणे, पण खुद्द वॉल्ट डिस्ने नको म्हणाले. आपल्या बागेत मोडकं, घाणेरडं घर चालायचं नाही. बाहेरचं आपण नीट ठेवू, आतलं भुतं बघून घेतील! आमच्या बऱ्याच सार्वजनिक संस्थाही याच तत्त्वावर चालतात, हे मी नातवाला सांगितलं नाही.

बाहेरचं घर १९६३ साली बांधून तयार झालं आणि भुतं राहायला आली ती थेट ९ ऑगस्ट १९६९ ला. सहा वर्षं नवंकोरं घर रिकामं. त्यावर पाटी लावली होती की, निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या भुतांनी जागेसाठी अर्ज करावेत. मधल्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, डिस्ने वारले आणि मागं राहिलेल्यांत भांडण लागलं. मार्क डेव्हिस म्हणे भुतांनी हसवावं, क्लॉड कोट्स म्हणे भुतांनी घाबरवावं. शेवटी एकत्र कुटुंबात होतं तसंच झालं. अर्ध्या घरात एकाचा संसार, अर्ध्या घरात दुसऱ्याचा. बंगल्याच्या पूर्वार्धात माणूस घाबरतो आणि उत्तरार्धात हसतो. (लग्नात हाच क्रम उलटा असतो.)

रांगेत उभं राहून पाय दुखतात, पण ज्ञान वाढतं. त्या बंगल्यात जी भुतं आहेत त्यांच्यापेक्षा जी नाहीत त्यांचीच हकीकत मला जास्त आवडली. एक खलाशी कप्तान होता. त्यानं आपल्या नवऱ्या मुलीला मारलं आणि मग समुद्रात बुडून तो स्वतः ओलाचिंब भूत झाला. तो कागदावरच राहिला. रोली क्रम्प नावाच्या गृहस्थानं मेणबत्तीचा माणूस आणि बोलणारी खुर्ची असलेलं एक अख्खं विचित्र वस्तूंचं संग्रहालय कल्पिलं होतं. तेही राहिलं. एक कावळा सबंध बंगल्याची माहिती सांगत फिरणार होता. त्याचं बोलणं गेलं, कावळा तेवढा जागोजागी बसून राहिला. आमच्या ऑफिसात असे दोन होते. आणि टोपीच्या पेटीवालं भूत! त्याचं मुंडकं खांद्यावरून गडप होऊन हातातल्या पेटीत दिसायचं. दिसायचं म्हणजे दिसायला हवं होतं. बग्ग्या इतक्या जवळून जायच्या की खांद्यावरचं मुंडकं नीट गडपच होईना. मग उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत त्या भुताला घरी पाठवलं आणि २०१५ साली, ४६ वर्षांनी, दुरुस्त करून परत कामावर घेतलं. सेवाज्येष्ठतेचं काय केलं, ते नातवाला ठाऊक नव्हतं.

आत एका आठकोनी खोलीत कोंडलं. भिंतींवरच्या तसबिरी हळूहळू लांब होऊ लागल्या, छप्पर उंच गेलं, कुणीतरी किंचाळलं. नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, ही लिफ्ट आहे. आपण खाली चाललोय. बाहेर आगगाडीचे रूळ आहेत ना, त्यांच्या खालून पलीकडे जायचंय." एवढा सगळा थरार म्हणजे रूळ ओलांडायची सोय! पुढं दोन पुतळे मान वळवून माझ्याकडेच पाहू लागले. नातू म्हणाला, "ते वळत नाहीत. त्यांची तोंडं आत खोलगट आहेत, साच्यासारखी. आपण सरकलो की तेच वळल्यासारखे वाटतात." मग काळ्या बग्गीत बसलो. आपण कुठं पाहायचं हेही तिथं बग्गीच ठरवते आणि तिकडे तोंड फिरवते. काचेच्या गोळ्यातलं एक बाईचं मुंडकं बोलत होतं. "त्याच्यावर सिनेमा पाडलाय," नातू म्हणाला. आत सगळीकडे धूळ आणि जाळी होती. "ती मुद्दाम टाकतात," नातू म्हणाला. त्याक्षणी आमच्या मोलकरणीची मला फार आठवण झाली. तिला तिथं चांगला पगार मिळाला असता.

आणि मग बग्गी एका प्रचंड दिवाणखान्यापाशी आली. खाली जेवणाचं टेबल, वाढदिवसाचा केक आणि हवेतून आरपार दिसणारी भुतं गिरक्या घेत नाचत होती. खुर्ची दिसते, खुर्चीतलं भूत दिसतं, भुतातून पुन्हा खुर्ची दिसते! आजूबाजूची मंडळी "ओह!" करत होती. मी मात्र ओरडलो, "अरे, ही तर आमची काच!"

नातू चमकला. कारण ते खरोखरच काचेचं होतं. आपल्यासमोर भिंतीएवढी काच उभी असते. काळोखात ती दिसत नाही. खऱ्या बाहुल्या आपल्या वर आणि खाली, काळ्या खोल्यांत दडवलेल्या असतात. त्यांच्यावर उजेड टाकला की त्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि ते काचेपलीकडच्या खऱ्या खुर्चीत जाऊन बसतं. प्रतिबिंबात डावं-उजवं होतं, हे मात्र करणारे विसरले असं सांगतात, त्यामुळे त्या नाचात पुरुषाला बाई नाचवते. म्हणजे तेवढं एक दृश्य वास्तववादी उतरलं आहे.

"तुम्हाला कसं ठाऊक, आजोबा?" नातवानं विचारलं. त्या दिवशी प्रथमच त्याला माझ्याबद्दल थोडा आदर वाटलेला दिसला. मी म्हटलं, "बाबा रे, मी स्वतः भूत होतो."

यात खोटं काही नाही. १९६४ साल असावं. माझं वय बारा. मुक्काम वलगाव, म्हणजे अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्यानं निघालं की पेढी नदीकाठी लागतं ते. गावात एक पडका वाडा होता आणि आम्हां पोरांना परीक्षा संपल्यानंतरचा उन्हाळा होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की भूतबंगला होतोच, त्याला डिस्ने लागत नाही. आमच्यात एक मॅनेजर होता (त्याच्याजवळ बॅटरी होती), एक इंजिनियर होता (त्याच्या बापाजवळ पकड होती) आणि मी भूत होतो (माझ्याजवळ काहीच नव्हतं). तिकीट पाच बोरं किंवा एक चिंच. उन्हाळ्यात बोरं कुठून येणार, हे मॅनेजरच्या लक्षात आलं नव्हतं. सुकलेली बोरं चालतील, असा पोटनियम मग करावा लागला.

न वापरलेल्या कल्पना आमच्याकडेही होत्या. मॅनेजरचं म्हणणं होतं, गारुड्याचा साप आणावा. इंजिनियरला त्याच्या धाकट्या भावाला आढ्याला टांगायचं होतं. भाऊ तयार होता, आई नव्हती. जत्रेतल्या तंबूत ताटावर ठेवलेलं मुंडकं बोलतं, तसं मी टोपल्यात बसून बोलावं असंही ठरलं, पण मुंग्यांनी तो प्रयोग पहिल्या पाच मिनिटांत बंद पाडला. शिवाय भूत नेमकं कोणतं, यावर रोज वाद. आपल्याकडे नुसतं "भूत" म्हणून भागत नाही. मुंजा हवा तर पिंपळ हवा, हडळ हवी तर पाय उलटे हवेत, समंध हवा तर पुरलेलं धन हवं, आणि चकवा हवा तर गावाबाहेरची पांदण हवी. तिकडे नऊशे नव्याण्णव भुतं एका बंगल्यात गुण्यागोविंदानं राहतात आणि हजाराव्यासाठी जागाही ठेवतात. आमच्या मुंजाला शेजारचा वेताळ चालत नाही. शेवटी आम्ही राखेवर वडलांचे जोडे उलटे उमटवले आणि हडळ नुकतीच बाहेर गेली आहे, असं जाहीर केलं. स्वस्तात काम झालं.

काच आम्हाला सापडली ती चुकून. वाड्याच्या ओसरीवरून मागल्या अंगणात पाहायची एक खिडकी होती आणि तिला गावात दुर्मिळ अशी अख्खी काच होती. अंगणात आड होता. एकदा तिन्हीसांजेला मी पोत्याच्या पडद्याआड कंदील घेऊन उभा होतो. मॅनेजर ओसरीवरच्या अंधारात होता. तो किंचाळला. त्याला मी आडावर, हवेत तरंगताना दिसलो! मी कंदील पोत्याखाली झाकला, आडावरचा मी गेलो. उघडला, आलो. त्या दिवशी आम्ही जो शोध लावला, तो लंडनमध्ये १०२ वर्षं आधी लागून गेला होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. २४ डिसेंबर १८६२ ला तिथल्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये पेपर नावाच्या प्रोफेसरानं काचेवरचं हे भूत डिकन्सच्या गोष्टीत उभं केलं. मूळ युक्ती डर्क्स नावाच्या इंजिनियरची, नाव झालं पेपरचं. संस्था विज्ञानाची. भूत दाखवायचं आणि मग ते कसं केलं ते समजावून द्यायचं, असा प्रोफेसरांचा बेत होता. पण लोक इतके थक्क झाले, की त्यांनी समजावणं पुढं ढकललं आणि पेटंट घेतलं.

मी त्यांना नावं ठेवू शकत नाही. मीही समजावणं पुढं ढकललं. त्यांनी पेटंटसाठी ढकललं, मी भाकरीसाठी.

झालं असं, की वाड्यामागं एक म्हातारी राहायची. एकटी. एक बकरी आणि ती. तिचा एकुलता एक मुलगा, आमच्याच वयाचा असताना, फार वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत गेला होता. एका संध्याकाळी बकरी शोधत ती वाड्याच्या ओसरीवर चढली आणि तेव्हाच नेमकी आमची तालीम चालू होती. मी कंदील उघडला. तिला आडावर एक बारा वर्षांचा मुलगा दिसला.

ती ओरडली नाही. आम्ही ओरडण्याची वाट पाहत होतो. ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "आला काय रे बापा?"

मी घाबरून कंदील झाकला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पदराखाली ज्वारीची भाकर आणि लाल मिरचीची चटणी. खिडकीत ठेवली, थोडा वेळ उभी राहिली. पोत्याआडून मला तिचा श्वास ऐकू येत होता. मॅनेजरनं खूण केली, मी कंदील उघडला. ती हसली. गेली. आणि भाकर? भाकर आम्ही खाल्ली. खरं सांगायचं तर मीच खाल्ली, कारण काम माझं होतं. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी कुठल्याशा गावचा एक मांत्रिक तिच्या दारात बसलेला दिसला. मुलाचा जीव आडात अडकलाय, तो मोकळा करायला एक बकरी, पाच हात कापड आणि एक्कावन्न रुपये लागतील, असं त्यानं सांगितलं. म्हातारीनं हातातले चांदीचे गोट उतरवून दिले. भूत आमचं, काच वाड्याची, आणि वसुली तिसऱ्याचीच! आम्ही तिघं पोत्यामागं बसून राहिलो. सांगायला हवं, हे तिघांनाही कळत होतं. पण सांगितलं तर मार बसेल, हे त्याहून जास्त कळत होतं.

हे उजेडात आलं, ते माझ्या पोटामुळे. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, रात्री पंगतीला माझ्याकडे पाहत म्हणाले, "हे पोट्टं आठ दिवसांपासून जेवत काहून नाई?" आई म्हणाली, उन्हामुळे. आबाजी म्हणाले, "उन्हानं पोट्टं वाळते. हे तं फुगून रायलं." आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

आबाजींनी मारलं नाही. त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलला.

इथं मला थोडं थांबलं पाहिजे, कारण वलगावात खराटा ही साधी वस्तू नाही. गाडगेबाबा आमच्या गावाजवळ, पेढीच्या काठी गेले. २० डिसेंबर १९५६. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मला आठवते ती फक्त मोठ्या माणसांची गर्दी आणि तिची शांतता. आबाजींनी मात्र बाबांची कीर्तनं ऐकली होती. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री गावाची डोकी झाडायची. नवससायास, बकरं कापणं, अंगात येणं, दारू, कर्ज, शिवाशिव, सगळा केर एकाच खराट्यानं. आणि पद्धत अशी, की स्वतः फारसं सांगायचं नाही, लोकांना विचारायचं. सोप्यासोप्या प्रश्नांनी समोरच्याला बोलतं करायचं आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं.

दुसऱ्या दिवशी आबाजींनी आम्हा तिघांकडून सबंध वाडा झाडून घेतला. आम्ही मेहनतीनं जमवलेली जाळी, राख, उलटे पाय, सगळं गेलं. तिन्हीसांजेला त्यांनी म्हातारीला बोलावून ओसरीवर बसवलं, मला पोत्यामागं उभं केलं आणि पोतं काढून टाकलं. मग बाबांच्याच पद्धतीनं विचारलं, "बाई, पोट्टं कुठी दिसते?"

"आडावर."

"आन् हाये कुठी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग काचेकडे. पुन्हा माझ्याकडे. आबाजी म्हणाले, "झाक रे कंदील." झाकला. "उघड." उघडला. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा तिनंच हात हलवून पुरे म्हटलं. ती उठून माझ्याजवळ आली. आता ही मारते, या तयारीनं मी डोळे मिटले.

"भाकरी तू खाल्ल्या?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"चटणी तिखट तं नोती झाली?"

त्यावर मी रडायला लागलो. इंजिनियरही रडायला लागला. त्याला तर चटणी मिळालीही नव्हती.

आबाजी दोन माणसं घेऊन मांत्रिकाकडे गेले. गोट परत मिळाले. बकरी मात्र तोवर मोक्षाला गेली होती.

पुढं बरीच वर्षं मला एक प्रश्न छळत राहिला. आबाजींनी बरोबर केलं का? आठ दिवस ती म्हातारी आनंदात होती. भूत खोटं असेल, पण आनंद खोटा नव्हता. एका काचेच्या तुकड्यानं तिला तिचा मुलगा रोज दोन मिनिटं परत दिला होता, आणि आम्ही तो दुसऱ्यांदा तिच्याकडून काढून घेतला. मोठेपणी धीर करून मी आबाजींना हे विचारलं. ते म्हणाले, "भूत ठेवलं असतं, तं बुवा बी ठेवा लागला असता. एक बकरी गेली. उद्या घर गेलं असतं."

हे मला त्या काळ्या बग्गीत बसल्यावर नीट उमगलं. खोटं भूत दाखवणं हे आपोआप पाप नव्हे. तसं असतं तर निम्मे नाटकवाले आणि सगळे जादूगार नरकात गेले असते आणि तिथं करमणुकीची उत्तम सोय झाली असती. तिकडच्या बंगल्यातलं भूत माझ्याकडून पैसे घेतं, मांत्रिकाचं भूतही घेतं. दोन्हीकडे काळोख, दोन्हीकडे काच. पण एका ठिकाणी आत शिरताना मला ठाऊक असतं, की आठ-दहा मिनिटांनी मागच्या दारानं मी उन्हात येणार आहे, आणि "हे कसं केलं?" असं विचारलं तर कुणी माझ्यावर कोपणार नाही. उलट दहा वर्षांचं पोर मला सगळं समजावून सांगू शकतं आणि तरी धंदा बुडत नाही. दुसऱ्या ठिकाणी मागचं दार नसतं. आत गेलेला माणूस अमावस्येला परत येतो, पौर्णिमेला परत येतो, आणि दर वेळी एक बकरी कमी होते. "कसं केलं?" हा प्रश्न तिथं विचारायचाच नसतो. भुताचा बंगला करमणुकीचा की फसवणुकीचा, हे ठरवायला मला आता भुताकडे पाहावंच लागत नाही. मी मागचं दार पाहतो.

आणि काच दाखवणाऱ्याला काय किंमत पडते, तेही आपण पाहिलंच आहे. चमत्कारांमागची युक्ती गावोगाव उलगडून दाखवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटत होते, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. आज महाराष्ट्रात भुताची भीती घालून लुबाडणं हा गुन्हा आहे. आमच्या म्हातारीच्या बकरीला तो ४९ वर्षं उशिरा पोचला.

बग्गीतून उतरण्याच्या जरा आधी नातवानं त्या बंगल्याची आणखी एक हकीकत सांगितली. येल ग्रेसी आणि तो रोली क्रम्प, हे दोघं ज्या खोलीत भुतं बनवायचे, तिथं झाडलोट करणारी मंडळी रात्री यायला घाबरत. दिवे चालू ठेवून जा, असा निरोप आला. या दोघांनी उलट अशी कळ बसवली, की खोलीत कुणी शिरलं की दिवे जावेत आणि सगळी भुतं एकदम चालू व्हावीत. सकाळी येऊन पाहतात तो भुतं अजून चालूच, आणि खोलीच्या मधोमध एक झाडू पडलेला. झाडणारा पळाला, तो पुन्हा म्हणून त्या खोलीत आला नाही. क्रम्पच ही गोष्ट सांगत असत.

नातू पोट धरून हसला. मीही हसलो. पण मनात आलं, तिकडे भूत दिसल्यावर झाडणारा खराटा टाकून पळाला, आणि आमच्याकडे खराटा हातात घेतल्यावर भुतं पळाली. फरक काय? आबाजी काही मोठे धीट नव्हते. पाल दिसली तर खाटेवर चढायचे. पण त्यांनी भूत पाहण्याआधी एक साधा प्रश्न विचारला होता: हे पोट्टं जेवत काहून नाई?

आणि एक गोष्ट राहिली. ती मी नातवाला सांगितली, तुम्हालाही सांगतो. वाडा झाडून झाल्यावर प्रकरण संपलं, असं मला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी आबाजींनी हाक मारली. म्हणाले, "जाय. तिच्या घरी जाय."

"कायले?"

"भाकर खायले. अंधारात खाल्ली नं? आता उजेडात खाय."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी म्हातारीच्या ओट्यावर बसून भाकर खाल्ली. पुढच्या शिक्षणाला अमरावतीला गेलो, तोपर्यंत. ती मला कधी माझ्या नावानं हाक मारायची, कधी चुकून त्याच्या. मी दोन्हीला "ओ" देत असे. काच दाखवणं एवढंच आपलं काम, अशी माझी समजूत होती. काच दाखवल्यावर जी जागा रिकामी होते तिथं कुणीतरी खऱ्यानं जाऊन बसावं लागतं, हे आबाजींना ठाऊक होतं.

त्या रात्री घरी परतल्यावर नातू उशी घेऊन माझ्या खोलीत आला. म्हणाला, "आजोबा, मी इथं झोपू? दिवा चालू ठेवाल?"

"अरे, तुला तर सगळं ठाऊक आहे. लिफ्ट, काच, खोलगट तोंडं!"

"दिवसा ठाऊक असतं," तो म्हणाला. "रात्री नसतं."

मी सरकून त्याला जागा दिली आणि दिवा राहू दिला. बाजूच्या खाटेवरून सौ. म्हणाल्या, "इथं विजेचं बिल फार येतं म्हणे." पण त्या दिवशी पैसे देऊन घाबरायचंच ठरलं होतं.